दुःख कसें सांगावें व कसें ऐकावें

(वाचावयाचे शास्त्रभाग : लूक २४:१३–३५, मार्क ५:२१–४३, स्तोत्रसंहिता ८८, विलापगीत, अध्याय १ ते ५)

यरुशलेमेपासून अम्माऊस हें गांव सुमारें साडेतीन कोस. त्या वाटेनें चाललेल्या दोन शिष्यांची गोष्ट आपण पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास दरसाल ऐकतों, आणि बहुधा भाकर मोडण्याच्या प्रसंगाकडे इतक्या घाईनें जातों कीं, वाटेंत काय घडलें हें नीट पाहतच नाहीं.

तिसरा प्रवासी त्यांस येऊन मिळाला, तेव्हां त्यानें प्रथम उपदेश केला नाहीं. तुम्ही कशाविषयीं बोलत आहां, इतकेंच त्यानें विचारिलें. ते दोघे जागच्या जागीं थबकले. त्यांचीं तोंडें उतरलेलीं होतीं. क्लयपानें कांहींशा त्राग्यानेंच उलट विचारिलें कीं, यरुशलेमेंत राहून ही गोष्ट ठाऊक नाहीं असा तूंच एकटा आहेस काय? त्यावरहि प्रभूनें, कोणती गोष्ट, म्हणून पुन्हां विचारिलें. ज्यानें तें सर्व आपल्या देहावर सोसलें, ज्यास त्या दोघांहून कितीतरी अधिक माहीत होतें, त्यानेंच अजाण मनुष्याप्रमाणें विचारावें हें नवल नव्हे काय? त्यास माहिती नको होती. त्या दोघांस सांगण्याची गरज होती.

मग त्यांनीं आरंभापासून सांगितलें: तो पुरुष कसा होता, कोणीं त्यास धरून दिलें, वधस्तंभाचा प्रसंग, आपली मोडून पडलेली आशा, आज तिसरा दिवस आहे हें, आणि पहांटे बायकांनीं आणिलेली न समजणारी बातमी. इतकें सर्व सांगून होईपर्यंत प्रभूनें त्यांस मध्यें तोडलें नाहीं. पुढें त्यानें त्यांची कानउघाडणी केली, शास्त्राचा अर्थहि उलगडून दाखविला. परंतु तें सारें ऐकून घेतल्यानंतर.

आपल्या खेड्यापाड्यांत मात्र याच्या उलट चालतें. कोणाचें लेकरूं विहिरींत बुडालें, कोणाच्या यजमानानें कर्जापायीं विषारी औषध घेतलें, कोणाच्या वस्तीवर जमाव चालून आला, कीं दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचीं माणसें येऊन म्हणूं लागतात, ‘झालें गेलें विसर, देवाची इच्छा, आतां पोरांकडे पाहून डोळे पूस.’ हें बोलणारीं माणसें निर्दय असतात असें नाहीं. खरें पाहतां ऐकणाऱ्यासच तें ऐकवत नाहीं, म्हणून तो सांगणाऱ्यास गप्प करतो, आणि त्यास सांत्वन म्हणतो. २०२० व २०२१ सालांतील कोरोनाच्या सांथींत पुष्कळांस आपल्या माणसाचें तोंड अखेरचें पाहतां आलें नाहीं. मातीस चारच माणसें, रात्रीं गाणीं नाहींत, आठव्या दिवसाची प्रार्थनाहि नाहीं. अशीं दुःखें कित्येक घरांत अद्याप न सांगितलेलीं पडून आहेत.

न सांगितलेलें दुःख जातें कोठें? याचें एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याशीं संबंध असलेल्या एका पुस्तकांत आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुष्कळ वाचकांनीं वाचलीं असतील. त्यांचा आरंभ लग्नापासून किंवा बाप्तिस्म्यापासून होत नाहीं. त्यांच्या जन्मापूर्वींच्या एका मृत्यूपासून होतो. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आजोबांस फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्याचें वेड शिरलें. बाहेरून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत यावयाची नाहीं, मीठसुद्धां सुटावयाचें नाहीं, असा प्रकार. त्या वेडापायीं सारें घर वर्षानुवर्षें पाण्यानें ओलें आणि भीतीनें कोरडें झालें. फाशीच्या त्या दुःखाविषयीं मन मोकळें करावयास त्या पुरुषास कोणी भेटलें असतें, तर हात इतके धुवावे लागले असते काय? हें अनुमान आमचें आहे, बाईंचें नव्हे. परंतु आजचे मनोवैद्यहि सांगतात कीं, ज्या घावास शब्द मिळत नाहींत तो पुष्कळदां वागण्यांतून बोलूं लागतो. कोणी रात्रीं दचकून उठतो, कोणी दारूकडे वळतो, कोणी विनाकारण बायकोपोरांवर हात टाकतो, कोणाचें पोट वर्षभर दुखतें आणि डाक्तरास कांहीं सांपडत नाहीं.

याचें कारण असें सांगतात: साधी आठवण कपाटांतल्या घडीप्रमाणें असते, पाहिजे तेव्हां काढावी, पुन्हां ठेवावी. फार भयंकर प्रसंगाची आठवण अशी घडी होत नाहीं. ती तुकड्यातुकड्यांनीं राहते. एक वास, एक किंकाळी, जळत्या गवताचा धूर, कोणाच्या तरी पायांतल्या वहाणा. त्या तुकड्यांवर तारीख नसते. म्हणून वीस वर्षांनीं तोच धूर नाकांत गेला, तर मनुष्यास प्रसंग आतांच घडत आहे असें वाटतें. कथा सांगूं लागलें म्हणजे मात्र ‘अगोदर’, ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘म्हणून’ हे शब्द वापरावेच लागतात. त्या साध्या शब्दांनीं तुकडे एका दोऱ्यांत ओंवले जातात, आणि घडून गेलेली गोष्ट घडून गेलेली म्हणून मागें राहूं लागते.

आतां त्याच बाईंकडे पुन्हां वळूं. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई दूर नातलगांच्या घरीं होत्या, आणि पदरीं लहान दत्तू. त्या काळच्या ब्राह्मण घरांतील स्त्रीस हा नवरा जिवंत असून गेल्यासारखाच होता. सुमारें पांच वर्षें तो वियोग चालला. पुढें त्या पतीकडे आल्या, १९०० सालीं स्वतःच्या निश्चयानें त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला, आणि नगर व राहुरी येथें त्यांचा संसार झाला. टिळक १९१९ सालीं वारले. बाईंनीं लहानपणीं शाळा पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, तीहि जेमतेम. अशा स्त्रीस त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं आठवणी लिहावयास लाविलें, आणि १९३४ पासून त्या पुस्तकरूपानें भागाभागांनीं बाहेर पडूं लागल्या.

या पुस्तकांतील विनोदाची सर्वत्र वाखाणणी होते, ती योग्यच आहे. आमच्या मतें मात्र त्याहून मोठी गोष्ट ही कीं, बाई कांहीं झांकून ठेवीत नाहींत. टिळकांचा तापटपणा, त्यांचें घरांतून निघून जाणें, पैशाविषयीं बेफिकिरी, स्वतःचें रडणें, स्वतःचा हट्ट, विटाळाविषयींची स्वतःची भीति, सर्व जसेंच्या तसें येतें. तरी वाचतांना नवऱ्याविषयीं कडवटपणा उरत नाहीं. ही क्षमा सत्य लपवून आलेली नाहीं. सत्य सांगून झाल्यावर आलेली आहे. जी पत्नी ‘आमच्या घरीं कांहींच घडलें नाहीं’ असें म्हणते तिनें क्षमा केली आहे असें म्हणतां येत नाहीं, कारण क्षमा करावयास तिनें कांहीं शिल्लकच ठेविलें नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १८९५ चें दुःख कागदावर सविस्तर उतरलें तें तीस वर्षें व अधिक काळ लोटल्यावर. कोणीं त्यांस दुसऱ्या दिवशीं बसवून ‘सांगा पाहूं’ असें म्हटलें नाहीं. पुत्र विचारणारा होता, वाट पाहणाराहि होता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं बाई वारल्या, तेव्हां चवथा भाग अपुराच होता. तो देवदत्तांनीं पुरा केला. ऐकणारा असा असला म्हणजे सांगणाऱ्याच्या पश्चातहि कथा सुटत नाहीं.

परदेशांत याविषयीं पद्धतशीर प्रयोगहि झाले आहेत. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानें १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस, दररोज पंधरा मिनिटें, आपल्या आयुष्यांतील अति दुःखद प्रसंगाविषयीं लिहावयास सांगितलें. दुसऱ्या कांहींस क्षुल्लक विषय दिले. दुःखाविषयीं लिहिणारे त्या त्या दिवशीं अधिक खिन्न दिसले. परंतु ज्यांनीं काय घडलें व त्या वेळीं मनास काय वाटलें हीं दोन्ही लिहिलीं, त्यांस पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची वाट कमी धरावी लागली. नुसती हकीकत लिहिणारांस तसा गुण आला नाहीं. त्यानंतर असे प्रयोग शेंकडों झाले आहेत, आणि त्यांचा निष्कर्ष पुष्कळ नम्र आहे: गुण येतो, पण तो थोडा असतो व सर्वांस सारखा येत नाहीं. वही हें औषधांतील एक औषध आहे. रामबाण म्हणून तिची जाहिरात कोणीं करूं नये.

कोणी म्हणेल, आमच्या मंडळींतील म्हाताऱ्या बायांस लिहितां कोठें येतें? त्यांस हें शिकविण्याची फारशी गरज नाहीं, कारण ही विद्या मूळची त्यांचीच. पहांटेस जातें ओढतांना जें सासूस सांगतां येत नव्हतें, भावास कळवितां येत नव्हतें, तें त्या दगडास सांगत. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनीं खेडोपाडीं फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या आहेत. माहेर, सासुरवास, मेलेलें मूल, नवऱ्याचा मार, सर्व त्यांत आहे. शेजारीं दुसरी बाई जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली असे, आणि ती ऐके. गांवांत पिठाची गिरणी आली तेव्हां बायांचे हात सुटले हें चांगलेंच झालें. पण तो पहांटेचा तास आणि ती ऐकणारी जोडीण हीं दोन्ही गेलीं, त्यांच्या जागीं आपण कांहीं ठेविलें नाहीं.

कांहीं दुःख असें असतें कीं तें एकट्याचें नसतें, आणि त्याची कथा ‘मी’ म्हणून सांगतां येत नाहीं. १८५५ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि आपल्या नगरांत १८४२ सालीं निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रानें तो दोन अंकांत छापला. त्यांत बाळंत होणाऱ्या बायांच्या डोक्यावर छप्परसुद्धां नसे, थंडीवाऱ्यांत त्यांची काय दशा होई, हें ती मुलगी लिहिते. आणि ‘आम्ही’ म्हणून लिहिते. ज्याच्यावर अन्याय होतो त्यास पुष्कळदां वाटतें कीं दोष आपल्यांतच आहे. ‘आम्ही’ हा शब्द लिहितांच तो दोष ज्याचा त्याच्याकडे परत जातो. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घराण्यांच्या पाठीमागें हाच इतिहास आहे, तरी आपल्या नातवंडांस तो सांगण्यास आपण लाजतों. आजोबा गांवाच्या पाणवठ्यापासून किती अंतरावर उभे राहत, हें घरांत कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

आतां उपदेशक बंधूंसाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी.

दुःखिताकडे गेल्यावर काय विचारावें हें कित्येकांस सुचत नाहीं. आफ्रिकेंतील युद्धांनीं पोळलेल्या मंडळ्यांसाठीं तयार होऊन २००४ सालीं निघालेला व पुढें बायबल सोसायट्यांच्या द्वारें अनेक देशांत गेलेला एक अभ्यासक्रम आहे. त्यांत तीनच प्रश्न शिकवितात. काय घडलें? तुम्हांस कसें वाटलें? त्यांत सर्वांत जड काय गेलें? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा आपल्या तर्काबाहेरचें असतें. समजा, एखाद्या मातेचा मुलगा अपघातांत गेला. आपण समजतों कीं मरणच तिला सर्वांत जड; ती म्हणेल, सकाळीं त्यानें भाकरी मागितली होती आणि मी रागावलें होतें. हें बाहेर येईपर्यंत आपलें सारें सांत्वन दुसऱ्याच दारावर थाप मारीत असतें.

ज्यास लिहितां येत नाहीं त्यासाठीं जर्मनींतील कोन्स्टान्त्स विद्यापीठाच्या मंडळींनीं एक सुंदर रीति काढली आहे. युगांडा देशांतील निर्वासितांच्या वस्तींत, निर्वासितांतूनच शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनीं ती चालविली. भुईवर एक दोरी पसरावयाची. तिचें एक टोंक म्हणजे जन्म. जेथें सुख झालें तेथें फूल ठेवावयाचें, जेथें दुःख तेथें दगड. मग एकेका दगडाविषयीं, सवडीनें, अनेक बैठकींत सांगावयाचें. ऐकणारा तें लिहून घेतो, पुढच्या खेपेस वाचून दाखवितो, आणि शेवटीं ती लिहिलेली जीवनकथा ज्याची त्याच्या हातीं देतो. आपल्याकडे सुतळी, गोटे व झेंडूचीं फुलें कोठें नाहींत? मात्र शिक्षणावांचून मोठ्या दगडास हात घालूं नये. फुलें मांडण्यास मनुष्य बसला व एक लहानसा खडा त्यानें दाखविला, तरी पहिल्या दिवसास तें पुष्कळ झालें.

कोणासहि बळेंच बोलवूं नये. प्रसंग घडतांच एका बैठकींत सर्व वदवून घेतलें म्हणजे मन साफ होतें, असा एके काळीं समज होता. तपासाअंतीं त्यानें लाभ होत नाहीं व कांहींस अपायच होतो असें दिसून आलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शक पुस्तकांतहि, संकटांतील मनुष्यास हकीकत सांगावयास भाग पाडूं नये, असेंच सांगितलें आहे. प्रथम पाणी, निवारा, सुरक्षित जागा, आपलीं माणसें. कथा मागाहून.

साक्षीच्या सभांविषयींहि स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्याकडे साक्ष म्हटली कीं तिचा शेवट जयांत झालाच पाहिजे असा जणूं नियम झाला आहे. बारा महिन्यांपूर्वीं मूल गमावलेल्या बापास उभें करून, ‘देवानें माझें भलें केलें’ हें त्याच्या तोंडून ऐकावयाची आपण वाट पाहतों. शास्त्र इतकें अधीर नाहीं. ८८ वें स्तोत्र अंधारांत सुरू होऊन अंधारांतच संपतें. त्याच्या शेवटीं स्तुतीचें एक वाक्यहि नाहीं, तरी तें पवित्र शास्त्रांत आहे. विलापगीतांची रचना पाहा. यरुशलेम नगर इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास जळालें, पोरें रस्त्यांत उपाशी मेलीं. आणि त्या दुःखाचें गीत इब्री बाराखडीच्या २२ अक्षरांच्या क्रमानें बांधलें आहे. पहिला, दुसरा व चवथा अध्याय प्रत्येकीं २२ वचनांचा, तिसरा ६६ वचनांचा, दर अक्षरास तीन. ज्याचें सर्व मोडून गेलें त्यानें पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट धरून चालावें तसें हें आहे. पांचव्या अध्यायांतहि वचनें २२ च, परंतु तेथें अक्षरांचा क्रम नाहीं; आणि शेवट होतो तो एका शंकेवर. लिहिणाराच्या हातून तेथें क्रम सुटला कीं त्यानें तो जाणून सोडला, यावर विद्वानांस वाद करूं द्या. आपण इतकें पाहूं कीं शंकेवर संपलेली प्रार्थनाहि प्रार्थनाच गणली गेली.

ऐकलेलें व्यासपीठावरून सांगूं नये, नांव गाळूनहि नाहीं. खेड्यांत नांव गाळल्यानें कांहीं झांकत नाहीं. ज्या घरांत मारहाण चालू आहे त्या घरांतल्या बाईस वही लिहावयास सांगण्यापूर्वीं ती वही कोणाच्या हातीं पडेल याचा विचार करावा. तिची वही पाळकीणबाईंच्या पेटींत राहिलेली बरी. मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें, तर तेथें गुप्ततेचा प्रश्नच उरत नाहीं: २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, आणि मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा नंबर आहे. कोणी जीव देण्याची भाषा बोलूं लागला, कित्येक रात्री झोंप नसली, अन्न तुटलें, तर त्यास एकटें न सोडतां सरकारी दवाखान्यांत न्यावें. २०२२ पासून भारत सरकारचा ‘टेलीमानस’ म्हणून १४४१६ हा मोफत फोन आहे. त्यावर मराठींत बोलतां येतें. प्रार्थना करणाऱ्यानें डाक्तराकडे जाऊं नये असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

वेळ नाहीं, ही सबब आम्ही पुष्कळ ऐकतों. बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली स्त्री प्रभूच्या वस्त्रास शिवून बरी झाली, तेव्हां याईराची मुलगी मरणाच्या दारीं होती आणि तिचा बाप तेथेंच ताटकळत उभा होता. शरीर तर बरें झालेंच होतें. तरीहि प्रभु थांबला, आणि ती स्त्री कांपत कांपत आपलें सर्व सांगून मोकळी होईपर्यंत थांबून राहिला. बारा वर्षांचें सांगणें दोन शब्दांत झालें नसावें.

येत्या महिन्यांत ज्या मंडळ्यांस शक्य असेल त्यांनीं एका संध्याकाळीं ८८ वें स्तोत्र मोठ्यानें वाचावें, मग प्रत्येकानें आपापलें विलापगीत लिहावें किंवा लिहितां येणाऱ्याकडून लिहवून घ्यावें. ओळी किती असाव्या, शेवट कसा असावा, हें कोणीं ठरवूं नये. ज्यास वाचून दाखवावयाचें असेल त्यानें दाखवावें, आणि तें ऐकल्यावर कोणीं लगेच गाणें सुरू करूं नये; थोडा वेळ तसेंच बसावें. जातांना सर्व कागद ज्याचे त्यास परत द्यावे.